दुधावरची नजर

समोर उभं राहिलं की दूध तापत नाही आणि पाठ फिरली की उतू जातं. लक्ष कोणी ठेवायचं यावरून आमच्यात रोज सकाळी जुंपायची. शेवटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या नवऱ्याने एक यंत्र केलं. पितळी दांडीवर काचेचे दोन डोळे, वर पत्र्याच्या पापण्या. ते दुधाकडे टक लावून बघायचं आणि दूध फुगलं की गॅस बंद करायचं. आठवडाभर ओटा कोरडा राहिला. मग एकदा दूध उतू गेलं. बघते तर यंत्र खिडकीबाहेर बघत होतं.

“एकटं कंटाळलं असेल,” हे म्हणाले, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला त्यांनी दुसरं यंत्र केलं.

दुसऱ्या दिवशी पातेलंभर दूध ओट्यावरून फरशीवर आलं. दोन्ही यंत्रं एकमेकांकडे बघत होती. पत्र्याची एकही पापणी लवत नव्हती.

हे स्क्रूड्रायव्हर घेऊन धावले. मी त्यांचा हात धरला.

“राहू द्या हो. लग्नानंतर वर्षभर आपलंही दूध असंच उतू जायचं.”