पलंगाच्या काठावर

"चादर काढते हं काका," म्हणत फिजिओबाईंनी चादर बाजूला केली, आणि काकूंनी सोळा दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याचे पाय पाहिले.

पाय कसले! नुसती हाडं, आणि त्यांवर सैल पडलेली कातडी. मांडीवर मांस म्हणून उरलं नव्हतं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हे काय झालं? दुखणं तर छातीत होतं ना?"

दुखणं छातीतच होतं. न्यूमोनिया झाला, श्वास पुरेना, म्हणून काकांना अतिदक्षता विभागात आणलं. आधी तोंडातून नळी घातली, मग ती काढून गळ्याला भोक पाडलं आणि तिथून श्वासाचं मशीन जोडलं. औषधं लागू पडली. ताप उतरला, फुप्फुसंही बऱ्यापैकी साफ झाली. पण मशीन काही सुटेना. श्वास घ्यायलाही अंगात जोर लागतो, आणि तो अंथरुणाने खाल्ला होता. डॉक्टरांनी आज सकाळी आडपडदा न ठेवता सांगितलं, "आमच्या औषधांचं काम झालं. आता हे बसते-उठते झाले तर मशीन सुटेल. नाहीतर कठीण आहे."

"शिडीवर उभं राहून चार-चार तास भिंती रंगवायचे हो," काकू म्हणाल्या. "शिडीवर! एका हातात रंगाचा डबा धरून."

पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता. त्यात व्यायामाच्या रकान्यात ओळीने सात दिवस दोनच शब्द होते: नातेवाईकांचा नकार. अक्षर बाईंचंच होतं.

काकूंना आत सोडायची वेळ आणि बाईंची या पलंगाशी यायची वेळ एकच, सकाळी अकरा. बाई दिसल्या की काकू मध्ये उभ्या राहायच्या. सुरुवातीला हसत, "आलात का छळायला?" मग हात जोडून, "जन्मभर राबलाय हो हा माणूस. आत्ता कुठे पाठ टेकलीये. पडू द्या की." आणि वाकून काकांच्या कानात, "झोपा तुम्ही. मी आहे ना." औषधाच्या गुंगीतही काकांना तेवढं कळायचं. कपाळावरच्या आठ्या जायच्या.

बाईंनी पहिल्या दिवशी नीट समजावलं होतं. दुसऱ्या दिवशी थोडक्यात. तिसऱ्या दिवशी त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे वळल्या. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. बावीस पेशंट आणि त्या एकट्या. एका नकारात वीस मिनिटं वाचत होती.

"मला कुणी सांगायचं नाही का?" काकूंचा आवाज चढला.

"सांगितलं होतं, काकू."

"असं सांगतात होय? हात धरून बाजूला करायचं मला! मी एक अडाणी, तुम्ही तर शिकलेल्या ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "सांगितलं, पण भांडले नाही. भांडायला हवं होतं. चुकलं माझं."

काकूंना चांगलं कडाकडा भांडायचं होतं. समोरचं माणूस असं सरळ कबूल झाल्यावर भांडणार कुणाशी? "तुमचं कसलं चुकलं," त्या खाली बघत म्हणाल्या, "माझीच मेलीची माया नडली."

सिस्टरने मशीनची नळी सांभाळली. बाईंनी एक हात काकांच्या पाठीमागून घातला, दुसरा गुडघ्यांखालून. "तीन म्हटलं की उठायचं हं. एक, दोन, तीन!"

काका पलंगाच्या काठावर बसले. म्हणजे, बसवले. बाई पलंगावर चढून त्यांच्या पाठीला आपला खांदा देऊन बसल्या. पाय जमिनीला टेकले, पण टेकले एवढंच. मान छातीवर पडली होती. काकू चटकन हात पुढे करून धावल्या.

"धरू नका," बाई मागून म्हणाल्या. "मान त्यांची त्यांनाच उचलू द्या."

काकूंनी हात मागे घेतले. त्या हातांचं काय करावं तेच त्यांना कळेना.

मान उचलायला काकांना किती कष्ट पडले ते काकू समोरून बघत होत्या. कानशिलं लाल झाली, कपाळ घामाने डबडबलं. हनुवटी छातीपासून सुटली, थरथरली, वर आली. सिस्टर मोजत होती. दहापर्यंत मोजून झालं आणि मान पुन्हा खाली गेली.

"शाब्बास काका!" बाई ओरडल्या. "पहिल्याच दिवशी दहा. कुठे लपवून ठेवला होतात एवढा दम?"

काकांनी मान न उचलता फक्त डोळे वर केले आणि बायकोला शोधलं. गळ्यातल्या नळीमुळे आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलले. काकूंना ते सहज वाचता आले. पुरे. सांग यांना.

सिस्टरचं लक्ष मशीनच्या आकड्यांकडे होतं. बाईंना मागून चेहरा दिसत नव्हता. "काय म्हणतायत काका?" त्यांनी विचारलं.

काका वाट बघत होते. ही आपल्याला सोडवणार, याची त्यांना खात्री होती.

"म्हणतायत," काकू म्हणाल्या, "अजून एकदा."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले.