शेवंताआक्काची पाहुणी

शेवंताआक्काचं मागणं स्वप्नालीनं इंग्रजीत सांगायच्या आतच हेलनबाईंची मान कलली आणि त्या बसल्या जागी झोपी गेल्या.

दोघी कॉटवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. प्रार्थनेसाठी हेलनबाईंनी आक्काचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, तो तसाच राहिला. डोकं हळूहळू घसरत आक्काच्या खांद्यावर येऊन टेकलं. पांढरेशुभ्र केस, त्यांना कसल्याशा परक्या साबणाचा वास.

चर्चचे पाळकसाहेब दारात उभे होते. कॅनडातल्या एका चर्चची, हेलनबाई धरून, तीन माणसं परवाच कोल्हापुरात उतरली होती. त्या चर्चचं आणि इथल्या उचगावच्या चर्चचं नातं जुळून पाच वर्षं झाली, पण माणसं यायची ही पहिलीच वेळ. आज रविवारची उपासना आटोपून पाहुण्यांना घरोघरी प्रार्थनेला न्यायचं होतं. एका घराला दहा मिनिटं.

“आक्का, उठवाय पायजे त्यास्नी,” पाळकसाहेब म्हणाले. “अजून सहा घरं हाईत. पाचला पोरांची गाणी हाईत चर्चमधी.”

“न्हाय,” आक्का म्हणाली.

“अवो, पण तुमचं मागणं ऱ्हायलं की!”

ते आक्काला कळत होतं. माझ्या पोराला आईची आठवण होऊ दे, एवढंच मागायचं होतं. तीन दिवस ती ते वाक्य मनात घोळवत होती. इतक्या लांबून आलेल्या बाईनं शब्द टाकला तर देव ऐकेल, असं तिला वाटत होतं.

स्वप्नाली दवाखान्यात नर्स होती आणि पाहुण्यांचं बोलणं मराठीत करून सांगायला आज सोबत आली होती. ती वाकून हळूच म्हणाली, “आक्का, ह्यांचे मिस्टर गेल्या थंडीत वारले. तवापासनं झोपच लागत न्हाय म्हणं. इथं आल्यापासनं पण खुर्चीतच बसून काढल्यात दोन्ही राती. गाडीत मला सांगत हुत्या.”

आक्कानं खांदा जरा खाली केला, डोकं नीट टेकावं म्हणून.

“जावा तुम्ही फुडं,” ती पाळकसाहेबांना म्हणाली. “उठल्या की घेऊन येतो मी.”

पाळकसाहेब गेले. बाकीचे दोन पाहुणे गेले. स्वप्नालीलाही जावं लागलं, पुढच्या घरी त्यांचं बोलणं सांगणार कोण?

साडेतीनला नळाला पाणी आलं. शेजारची यल्लव्वा गल्लीतूनच ओरडत आली, “शेवंते, पाणी आलंय की गं! घागरी कुठं हाईत?” दारात येऊन तिनं आत बघितलं आणि जीभ चावली.

“कोण गं ही?”

“पावणी.”

“आजारी हाय व्हय?”

“न्हाय गं. झोप लागलीया तिला.”

यल्लव्वा जरा वेळ बघत राहिली. मग पदर खोचून तिनं आक्काच्या घागरी एकेक करून अशा उचलल्या, की भांड्याला भांडं लागलं नाही. भरून आणून तशाच ठेवल्या. जाताना दार ओढून घेतलं. त्यानंतर गल्लीत काय झालं कोण जाणे. दोन बायका बोलायला लागल्या तरी भांडण वाटावं अशी ती गल्ली, पण आज कुणी हाक मारली नाही. एक मोटरसायकल कोपऱ्यावर आली आणि बंद झाली. कुणीतरी ती ढकलत नेली.

खिडकीला निळा पडदा होता. ऊन त्यातून आलं आणि भिंत, कॉट, भरलेल्या घागरी, सगळं निळं झालं. हेलनबाईंचा श्वास संथ चालला होता. आक्काचा हात आधी दुखला, मग बधिर झाला. त्या गुंतलेल्या बोटांतली आपली कुठली आणि तिची कुठली, हे तिला कळेना. तिला वाटलं, खोली जागची हलली आहे आणि पाण्यावरून सावकाश कुठंतरी चालली आहे. जिथं चालली आहे तिथं सगळं पांढरं आहे, आणि एका घरात एक बाई खुर्चीत बसून आहे. आक्काचेही डोळे मिटत आले.

तेवढ्यात उशाशी ठेवलेला फोन वाजला.

चार वाजले होते. रविवारचे चार. तो तिच्या पोराचा, संग्रामचाच असणार.

पोरगा आईला विसरला, असं सगळी गल्ली म्हणायची. आक्कानंच तसं सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो पुण्यात कोर्टात लग्न करून बायकोला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली होती, “पुन्यांदा तोंड दावू नगंस.” त्यानं तोंड दाखवलं नाही. पण तेव्हापासून दर रविवारी चार वाजता फोन वाजायचा. आक्का तो उशीखाली सारायची आणि वाजायचा थांबेपर्यंत भिंतीकडं बघत बसायची. हे पाळकसाहेबांनाही माहीत नव्हतं.

आज उजवा हात अडकलेला होता. डाव्या हाताला उशी उचलता येईना. फोन वाजत राहिला. हेलनबाईंच्या पापण्या हलल्या, कपाळावर आठी आली, बोटं आवळली गेली. ती गाढ झोप हळूहळू वर येताना आक्काला स्पष्ट दिसली.

तिनं डाव्या हातानं चाचपडत फोन घेतला. बंद करायचं बटण तिला ठाऊक होतं. अंगठा त्यावर गेलाही. मग तो सरकून फोन घ्यायच्या बटणावर गेला.

“आई?” पलीकडून आवाज आला. मोठा, दचकलेला. “आई! उचललास तू? आई, बोल की!”

“हळू बोल,” आक्का कुजबुजली. “घरात पावणी झोपल्यात.”

हेलनबाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली.

मग संग्रामही तितक्याच बारीक आवाजात म्हणाला, “कोण पावणी, आई?”