शालीखालचा सौदा

क्रूझे गाळ्यात शिरला तेव्हा गाळ्याचे मालक शशिकांत काळभोर यांच्या सदऱ्याच्या आत, अगदी हृदयाशेजारी, बोराएवढा ध्वनिग्राहक चिकटविलेला होता. शेजारी कोबीच्या पेट्यांची भिंत होती. त्या भिंतीआड जर्मनीच्या केंद्रीय तपास खात्याच्या अधिकारी फ्राऊ, म्हणजे श्रीमती, फोगेल आपल्या सहकाऱ्यांसह श्वास रोखून बसल्या होत्या.

स्टुटगार्टच्या घाऊक फळे-भाजी बाजारात क्रूझेची टोळी प्रत्येक गाळ्याकडून पेटीमागे खंडणी वसूल करीत असे. जो नकार देई, त्याच्या गाळ्यास आग लागत असे. क्रूझे कधी काही लिहीत नसे. फोनवर तो केवळ हवापाण्याचे बोले. त्याच्या मुखातून खंडणीचा आकडा वदवून घेणे, एवढेच कार्य शशिकांतांवर सोपविले होते. ते न साधल्यास क्रूझे मोकळा राहणार होता, आणि पुढील आग कोणत्या गाळ्यास लागेल हे सांगण्यास ज्योतिषी नको होता.

"तर मग, काळभोरसाहेब," क्रूझे म्हणाला, "या महिन्यापासून नवा भाव." आणि त्याने हात पुढे केला.

शशिकांतांचे तारुण्य वाशीच्या आंबाबाजारात गेले होते. तेथे जुने व्यापारी भाव मुखाने उच्चारीत नसत. हातात हात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा, आणि पुढचे सारे संभाषण बोटांनी करायचे. ही रीत शशिकांतांनीच मोठ्या कौतुकाने क्रूझेला शिकविली होती. क्रूझेला ती फार रुचली, कारण रुमालाखालच्या बोलण्याला साक्षीदार नसतो.

म्हणूनच पत्नी शोभनाताईंनी सकाळीच त्यांच्या खांद्यावरील रुमाल काढून घेतला होता. "तोंडानं बोलायचं, हातानं नाही. कळलं का?"

शशिकांतांना कळले होते. त्यांच्या हाताला मात्र कळले नव्हते. समोर पंजा दिसताच त्यांनी तो पकडला, आणि दुसऱ्या हाताने शेजारी उभ्या असलेल्या शोभनाताईंच्या शालीचे टोक ओढून त्यावर टाकले. शालीबरोबर शोभनाताईही ओढल्या गेल्या.

क्रूझेने चार बोटे दाबली. शशिकांतांनी एकच बोट परत केले. क्रूझे हसला आणि पुन्हा चार दाबली. शशिकांतांनी मान हलविली. त्यांच्या मुखावर अपूर्व तेज पसरले.

"अहो, बोला ना," शोभनाताई मराठीत कुजबुजल्या. "ते मशीन काय बोटं ऐकणार आहे?"

"थांब गं. येतोय खाली."

"कोण येतोय?"

कोबीमागे फ्राऊ फोगेल यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या कानी केवळ न कळणारी मराठी कुजबुज, एक घोगरे "हं" आणि बांगड्यांचा किणकिणाट पडत होता.

शालीखाली घनघोर युद्ध पेटले होते. क्रूझे तिनावर उतरला. शशिकांतांनी पुन्हा एकच बोट दाबले, आणि वर अंगठ्याने त्याच्या तळव्याला हलकेच गुदगुली केली. वाशीत ह्याचा अर्थ, 'शेठ, माल पाहून भाव सांगा.'

क्रूझेचा चेहरा बीटासारखा लाल झाला. त्याने हिसडा देऊन हात बाहेर काढला.

"पुरे झाला हा खेळ!" तो गरजला. "सगळे गाळेवाले पेटीमागे मला चार युरो देतात. तुम्हीही चारच देणार. नाहीतर त्या केळीवाल्याचा गाळा मी पेटवला, तसा तुमचाही पेटवीन!"

कोबीची भिंत कोसळली. गड्डे चहूकडे घरंगळले. क्षणार्धात क्रूझेच्या मनगटांत बेड्या पडल्या. शोभनाताईंनी एक गड्डा उचलून छातीशी धरला आणि त्या हसत सुटल्या.

फ्राऊ फोगेल धावत पुढे आल्या. "काळभोरसाहेब, काय ही तुमची युक्ती! त्याला चिडवून चिडवून बोलतं केलंत!"

शशिकांत मात्र खिन्न उभे होते. त्यांचा हात अद्याप शालीखालीच होता.

"मॅडम, आपण जरा घाई केलीत," ते म्हणाले. "तिनावर आलाच होता. दोनावर सौदा पक्का झाला असता."