मामांची पक्कड
तर झालं असं, की गटातल्या सगळ्यांनी ते काम भाचीच्या गळ्यात मारलं: मामांकडून पक्कड काढून घ्यायची. बावीस वर्षं पाणथळीवर हौसेनं पक्ष्यांच्या पायात पक्कडीनं नंबराच्या रिंगा बसवणारा माणूस, पण हल्ली हात लटपटायचे. "तू लाडकी ना, मग तूच सांग," म्हणत बाकीचे पक्षी धरायच्या जाळ्यांकडे पळाले. तिनं तोंड उघडलं की मामा म्हणायचे, "थांब गं, एवढा एक होऊ दे." तिलाही ते बरंच वाटायचं. मग जाळ्यातून आला वटवट्या पक्षी, चिमूटभर जीव. मामांनी तो मुठीत धरला. रिंग निसटली, पुन्हा पक्कडीत धरली, पुन्हा निसटली. मूठ मात्र आवळत गेली. "बघ ना, किती थरथरतोय घाबरून," मामा म्हणाले. पक्ष्याची मान कधीच कलंडली होती. थरथरत होती ती मूठ. तिनं हात पुढे केला. मामांनी आधी पक्कड दिली, मग पक्षी.