चपलेखालची क्लिप

ताईच्या होणाऱ्या सासरच्या मंडळींना सोनपेठहून घरी आणताना पोखर्णीजवळ आमची गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघताच मी पाहुण्यांदेखत बाबांवर खेकसलो, "निघताना तुमीच टाकीचं झाकण उघडून बघितलं ना? नीट बसवलं नसंल!" इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची जुनी प्लास्टिकची टाकी होती तेव्हा बाबांना झाकण उघडावं लागत नसे. पाण्याची पातळी बाहेरूनच दिसायची. होणारे दाजी गाड्यांचे शौकीन, म्हणून त्यांना दाखवायला आज सकाळीच मी ती काढून ॲल्युमिनियमची चकचकीत टाकी बसवली होती. "ह्याच्यात पाणी किती हाय ते दिसंल कसं रे?" असं बाबांनी विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो होतो. इंजिन निवल्यावर झाकण उघडायला मी खिशातून रुमाल काढला. त्याच्याबरोबर एक लोखंडी क्लिप बाहेर आली आणि डांबरावर टणकन पडली. मी वाकून टाकीखाली पाहिलं. पाईप निसटून लोंबत होता. तो आवळायची क्लिप हरवू नये म्हणून मी सकाळी खिशात टाकली होती आणि लावायचीच विसरलो होतो. वर झाकण मात्र घट्ट होतं. तेवढ्यात दाजी जवळ आले. बाबांनी पटकन क्लिपवर चप्पल ठेवली आणि हात जोडले. "माफ करा पाव्हणे, झाकण माझ्याकडूनच ढिलं राह्यलं. पोरानं तर लय झटून काम केलं होतं." मी मान खाली घातली, तर त्यांच्या चपलेखालून क्लिपची कड चमकत होती.