बरं झाल्याची खूण

गावभर कपाटं करून देणाऱ्या सुताराच्या स्वतःच्या घरात मात्र कपाटाचं दार लग्नापासून एकाच बिजागरीवर लोंबकळत होतं. बायकोनं विषय काढला की तो लोळल्या जागेवरून म्हणायचा, "उद्या बघू."

मग त्याला सर्दी-ताप झाला. ताप उतरला आणि माणूस झपाटल्यासारखा कामाला लागला. दार बसवलं, खाटेची कुरकुर घालवली, शेजाऱ्यांनी न सांगता त्यांच्या खिडकीला रंधा मारून आला. बायको आधी हरखली. पण त्याचे हात थरथरायला लागले, गळा दुखरा झाला, पँट कमरेवर ठरेना, तसं तिच्या तोंडचं पाणी पळालं. ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले. "त्या तापाच्या विषाणूमुळे थायरॉईडला सूज आलीय, म्हणून ही सगळी धावपळ. ती ओसरली की बहुतेक उलटं होईल. काही महिने अंगात जोर नसेल. बसले की उठणार नाहीत, दिवसभर लोळतील, काहीही सांगा, उद्यावर ढकलतील. घाबरू नका, त्यातूनही बरे होतील."

तोवर सुतारानं दवाखान्यातल्या स्टुलाचा डगमगता पाय उपसून हातात घेतला होता. बायकोनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून तिनं हळूच विचारलं,


"पण बाई, हे बरे झाले ते मला कळणार कसं?"