टिपणीसबाईंचा लळा

दुपारचे तीन वाजले, की कुमुदिनीबाईंच्या हॉलमधला बोलका स्पीकर घरच्या वायफायपासून आपोआप तुटायचा आणि शेजारच्या टिपणीसबाईंच्या फोनला जोडला जायचा. आजही भिंतीपलीकडच्या टिपणीसबाई आणि स्पीकर यांच्या गप्पा ऐकू आल्या आणि कुमुदिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“बिघाड नाही, काकू,” दुरुस्तीला आलेली मुलगी म्हणाली. “हे नवे स्पीकर जिथे लळा लागेल तिथेच जोडले जातात. त्या काय बोलतात याच्याशी?”

“बोलते कसली! रोज ‘जेवलास का रे’ म्हणून विचारते. दसऱ्याला इथे येऊन माझ्या स्पीकरला झेंडूची माळ घालून गेली. स्पीकर माझा आणि लाड हिचे!”

“मग सगळं पुसावं लागेल. आधीचं काही आठवणार नाही त्याला.”

“पूस.”

काम आटोपून मुलगी गेली. पलीकडून टिपणीसबाई हाका मारत राहिल्या, पण स्पीकरने ओ दिली नाही. कुमुदिनीबाईंना कसं गार वाटलं. मग दार लावून घेऊन त्या हळूच त्याच्याजवळ वाकल्या.

“जेवलास का रे?”

“माफ करा,” स्पीकर म्हणाला, “ही आज्ञा मला समजली नाही.”